नळाला बांधलेली चिंधी

झैद, तो मोबाइल खिशात घाल आणि निखारे जरा पुढे ओढ. वारा फिरलाय. सोनल, तू बाळाला घेऊन इकडे सरक, तंबूच्या आत धूर कोंडतो. नीट झाकलंस ना त्याला? जानेवारीतलं वाळवंट आहे हे, पुण्याची थंडी नव्हे.

दर वर्षी इथे कँपला आलो की या झैदचं एकच, चाचा, भुताची गोष्ट सांगा. मागच्या वर्षी आमच्या दापोलीकडच्या खाडीतल्या दिव्याची सांगितली, तर हा माझा पुतण्या शेवटपर्यंत हसत होता. कुवेतमध्ये जन्मलेली पोरं, यांना भूत म्हणजे टीव्हीतलं वाटतं. यंदाची गोष्ट हसण्याची नाही. ही मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. आज सांगतोय त्याला कारण तुम्ही दोघं आहात. स्वानंद, तू नोव्हेंबरात आलास, मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत रुजू झालास, मागोमाग सोनल बाळाला घेऊन आली. परवा ती मला म्हणाली, चाचा, इथली हवा किती छान आहे हो! छान आहेच. पण तुम्ही इथला उन्हाळा अजून बघितलेला नाही.

माझा धंदा तुम्हाला माहीत आहे. हाफ लॉरी, म्हणजे छोटा ट्रक. चौतीस वर्षं लोकांचे पलंग आणि फ्रिज या घरातून त्या घरात नेतोय. कुवेतमधल्या निम्म्या मराठी माणसांच्या गाद्या माझ्या पाठीवरून गेल्यात. आणि आम्हा सामानवाल्यांची एक रीत आहे. गावाकडून नवीन बिऱ्हाड आलं की सामान उतरवल्यावर निघायच्या आधी नळाचं सांगायचं. इथे पाण्याची टाकी गच्चीवर असते. जून ते सप्टेंबर ती दिवसभर उन्हात तापते, रात्रीही निवत नाही. म्हणून थंड पाण्याचा जो नळ, त्यातून उकळतं पाणी येतं. आणि गीझर असतो घरात, एसीच्या गारव्यात. तो बंद ठेवायचा, म्हणजे त्यात साठलेलं पाणी निवतं. उन्हाळ्यात अंघोळ करायची ती गरम पाण्याच्या नळाने. उलटा देश आहे म्हणा ना. शिवाय रात्री बादली भरून ठेवायची, सकाळी ती बाळाला. बस, एवढंच सांगायचं. अर्ध्या मिनिटाचं काम.

हे अर्धं मिनिट मी चौतीस वर्षांत दोनदा चुकवलं. दोन्ही वेळा घर तेच होतं.

दुसऱ्यांदा चुकवलं ती तारीख सांगतो. ११ ऑगस्ट २०२४, रविवार. संध्याकाळची, मगरिबची नमाज झाली होती. रितेश नावाचा एक लातूरचा मुलगा, हॉस्पिटलात टेक्निशियन, त्याचा फोन आला. सालमियातून जुनं सामान घेतलंय, हवल्लीला टाकायचंय. पलंग, फ्रिज, वॉशिंग मशीन. बायको आणि सात महिन्यांची मुलगी रात्रीच्या विमानाने हैदराबादहून येणार होती. तो वर्षभर मित्रांबरोबर एका खोलीत राहिलेला, आता संसार मांडायचा म्हणून पोरगा नुसता हवेत होता. मला म्हणाला, चाचा, फ्रिजला ओरखडा नको हं, तिला नवीन आहे म्हणून सांगितलंय. मी म्हटलं, बायकोला पहिल्याच दिवशी फसवतोस का रे? छान चाललं होतं आमचं.

सामान चढवलं, त्याने लोकेशन पाठवलं, मी हवल्लीत शिरलो. एक वळण घेतलं, दुसरं घेतलं. आणि लॉरी उभी राहिली ती सुगराच्या बिल्डिंगसमोर.

तिसरा मजला. नऊ नंबर.

आता सुगराचं सांगावं लागेल.

सुगरा श्रीवर्धनची. सत्त्याण्णव सालच्या ऑगस्टमध्ये आली. नवरा मजीद इथे कपड्याच्या दुकानात होता, दुकानाच्याच वरच्या खोलीत राहायचा. कडेवर आठ महिन्यांची मुलगी, अदिबा. अंगाने बारीक, डोळे मात्र हे एवढे. ती येणार म्हणून मजीदने हे नऊ नंबर भाड्याने घेतलं, सामान मीच चढवलं होतं. पण त्या संध्याकाळी मॅच होती. मित्राच्या खोलीवर सगळे जमले होते आणि मला पोचायचं होतं. शेवटची पेटी आत ठेवली आणि मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरलो. नळाचं सांगितलं नाही. वाटलं, मजीद सांगेल. मजीदला वाटलं, गफूरने, म्हणजे मी, सांगितलं असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोर घामोळ्याने रडत होती. सुगराने तिला न्हाणीघरात नेलं. हात लावून बघितला तिने, असं समजू नका की नाही बघितला. पाइपात साठलेलं पहिलं पाणी कोमटच येतं. मग तिने पोरीला नळाखाली धरलं... आणि मग गच्चीवरचं पाणी खाली आलं.

पाच दिवस हॉस्पिटल. सहाव्या दिवशी सुलैबिखातच्या कब्रस्तानात आम्ही चौघं होतो. मजीदच्या हातावर ती एवढीशी.

दफनानंतर तिसऱ्या दिवशी मी घरी भेटायला गेलो. सुगरा भिंतीला टेकून बसली होती. मला म्हणाली, "गफूरभाय, इथलं पाणी असं असतं... तुम्हाला ठाऊक होतं?"

मी म्हटलं, "नाही."

पाच वर्षं झाली होती मला कुवेतमध्ये. मी म्हटलं, नाही.

ती म्हणाली, "मग कोण सांगणार होतं." एवढंच. आणि त्यानंतर सत्तावीस वर्षं ती मला भाऊ म्हणत राहिली. ईदला शीरखुर्म्याचा डबा पाठवत राहिली. तो डबा घशाखाली कसा उतरायचा, माझं मला माहीत.

मजीद दोन वर्षांत गावी परत गेला. तिलाही चल म्हणाला. ती गेली नाही. म्हणाली, पोर इथे आहे. एका क्लिनिकमध्ये आया म्हणून लागली, त्याच घरात राहिली. अदिबाचं एक झबलं होतं, पांढऱ्यावर पिवळी बदकं. त्याची पट्टी फाडून तिने न्हाणीघरातल्या त्या नळाच्या मुठीला गच्च बांधली. तो नळ पुन्हा कधी उघडला नाही. आणि बिल्डिंगमध्ये नवीन बिऱ्हाड आलं, मल्याळी असो, मिसरी असो, आपलं असो, की पहिल्या संध्याकाळी ही गार पाण्याची भरलेली बादली घेऊन दारात उभी. बेल वाजवायची नाही. बादलीच्या अंगावर बोटाने वाजवायची. टक... टक. भाषा येवो न येवो, हातवारे करून नळाचं समजवायची. तिच्या बिल्डिंगमध्ये सत्तावीस वर्षांत एकाही लेकराला पोळलं नाही.

२०२४च्या रमजानात ती गेली. क्लिनिकमधून येताना बसमध्येच बसल्या जागी. पोरीच्या जवळ जागा मिळाली नाही, त्याच कब्रस्तानात पण लांब. घर मी रिकामं केलं. सगळं वाटून टाकलं, आणि शेवटी नळावरची ती पट्टी सोडवली. फेकायची तर हात होईना. लॉरीच्या डॅशबोर्डला खण आहे, कुलपाचा, कागदपत्रांचा. त्यात ठेवून दिली. पुढे मालकाने न्हाणीघर फोडून नवीन टाइल्स बसवल्या, नवे चकचकीत नळ लावले.

तर रितेशचं घर ते.

मी सामान चढवलं. हमालांना पुढे घातलं, स्वतः हॉलच्या पुढे गेलो नाही. न्हाणीघराचं दार उघडं होतं, मी तिकडे पाठ करून उभा राहिलो. रितेश चहा घ्या म्हणत होता. मी म्हटलं, उशीर झाला. आणि निघालो. तसाच, जिना उतरून, सत्तावीस वर्षांपूर्वीसारखा.

एगैलाला घरी आलो, जेवलो, झोपलो. रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी जाग आली. कशाने आली सांगू? आवाजाने. दोनदा. टक... टक. उठून बघितलं तर माझ्या न्हाणीघरातली बादली कोरडी, पालथी. मग एकदम लक्षात आलं. मी सांगितलं नाही. त्या घरात लेकरू आहे आणि मी सांगितलं नाही.

रितेशला फोन लावला. वाजत राहिला. दोघींना विमानतळावरून घरी सोडून तो नाइट ड्यूटीला गेलेला, फोन लॉकरमध्ये. त्याला स्वतःला पाण्याचं माहीत नव्हतं का? होतं की. पण मोठ्या माणसाला माहीत असणं म्हणजे काय, पाणी चटकलं की हात मागे घ्यायचा. हे कुणाला सांगायचं असतं, हेच त्याला सुचलं नव्हतं. बायकोचा नंबर माझ्याकडे नव्हता. मी लुंगीवर शर्ट चढवला आणि लॉरी काढली. फहाहीलचा रस्ता त्या वेळी मोकळा असतो. खिडकीतून भट्टीसारखी हवा येत होती. रात्रीच्या अडीच वाजता. मी सारखं घड्याळ बघत होतो आणि मनात एकच, या अल्ला, पोर झोपलेली असू दे.

पोर झोपलेली नव्हती. आता पुढचं मी बघितलेलं नाही. रितेशच्या बायकोने, नर्मदाने, मला जसं सांगितलं तसं सांगतो.

पोरगी प्रवासाने बेजार झाली होती. पावणेतीनच्या सुमारास उठली आणि दूध ओकली. केसांत, मानेत, सगळीकडे. नर्मदा नवीन घरात एकटी. दिव्यांची बटणंही नीट माहीत नाहीत. तिने पोरीला उचललं आणि न्हाणीघराकडे निघाली.

तर आतून पाण्याचा आवाज.

बादलीत धार पडत होती. सावकाश. दार लोटलेलं. दिवा बंद.

तिला वाटलं, रितेश आला. म्हणाली, "अहो, कवा आलाव?"

धार चालूच.

"अहो..."

धार थांबली.

नर्मदा लातूरची. आठ दिवसांनी पाणी येतं तिथली बाई. नळ चालू सोडून ती झोपणार नाही, हे ती मला शपथेवर सांगते. तिने दार ढकललं. दिवा लावला.

आत कुणी नाही.

बादली भरलेली. काठोकाठ. पाणी अजून हलत होतं.

ती उलट्या पावली बाहेर निघाली. पण पोर किंचाळत होती, ओकलेलं डोळ्यांत जात होतं. आईला भ्यायला तरी वेळ कुठे असतो? तिने बादलीकडे पुन्हा बघितलंच नाही. कुणी भरली ठाऊक नाही, त्या पाण्याला हात कोण लावील? ती सरळ नळाकडे गेली. निळ्या खुणेच्या. थंड पाण्याच्या.

पोरीला खाली धरलं. मूठ पिरगाळली.

फिरेना.

रात्री घरी आल्या आल्या याच नळाने तिने पाय धुवायला बघितलं होतं. चटका बसला, तिला वाटलं गीझर चालू असेल, म्हणून तिने त्याचं बटण बंद केलं. तेव्हा मूठ एका बोटाने फिरली होती. आता फिरेना. तिने जोर लावला. दोन्ही हातांनी लावावा म्हणून पोरीला मांडीवर घेतली. आणि तेव्हा तिला दिसलं.

मुठीला चिंधी बांधलेली होती.

गच्च. तीन गाठी. ओली.

ती गाठ सोडवायला लागली... नखाने... एक गाठ सैल झाली...

मागे आवाज झाला.

टक.

ती थांबली.

टक.

बादलीवर. तिच्या पाठीमागे. हाताच्या अंतरावर.

पोर रडायची थांबली... खांद्यावरून मागे बघायला लागली... नर्मदाने मान वळवली नाही. ती म्हणते, चाचा, मला वळवताच आली नाही. मानेवर गार हवा लागत होती... भिजलेल्या कपड्याची येते तशी... आणि कुणीतरी श्वास धरून उभं होतं. माझ्यासारखंच...

मग बेल वाजली. तो मी.

झैद, हसतोयस का? नाही ना. मग मधे मधे 'सीरियसली?' विचारू नकोस, ऐक.

दार उघडलं तर समोर ती बाई. पांढरीफटक. पोर छातीशी आवळलेली. मी काही विचारायच्या आतच ओरडलो, "पोरीला पाणी लावलंस? थंडाचा नळ सोडलास?"

"न्हाई," ती म्हणाली. "तो सुटंना की. कुणीतरी बांधून ठेवलाय. चाचा, घरात कोण हाय हो?"

मी आत गेलो. त्या न्हाणीघरात मी चार महिन्यांनी पाय ठेवला. नवीन टाइल्स. नवीन नळ. आणि नव्या नळाला ती पट्टी. धुऊन-धुऊन विटलेली. पण पिवळी बदकं ओळखू येत होती. गाठी तिच्याच. तीन, एकावर एक.

मी बादलीत हात घातला. पाणी गार होतं. ऑगस्टच्या रात्री हवल्लीत नळाला असं पाणी येत नाही, मी तुम्हाला लिहून देतो. मी नर्मदाला म्हटलं, पोरीला या पाण्याने धू. ती पोरीला घेऊन मागे सरकली. म्हटलं, धू. ज्या बाईने भरलंय तिच्या हातून लेकराचं वाईट होणार नाही.

तिने पोरीला धुतलं. पोर पाण्यात हात आपटून हसायला लागली. नर्मदा हॉलमध्ये तिला पुसायला घेऊन गेली आणि मी आत एकटा राहिलो.

मी दिवा बंद केला. का केला ते माहीत नाही. उजेडात बोलता आलं नसतं.

म्हटलं, "सुगरा..."

हॉलचा उजेड दारातून नळापुरता येत होता.

"सुगरा, मला ठाऊक होतं."

...

"मला ठाऊक होतं गं. मॅच होती. मी... मी सांगितलं नाही."

...

सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा बोललो. ती जिवंत असताना रोज बोलता आलं असतं. चहा प्यायला जायचो मी तिच्याकडे, समोरासमोर बसायचो. मेलेल्या बाईला अंधारात सांगितलं. मी काही फार मोठा माणूस नाही, पोरांनो. मला त्याची आजही लाज वाटते.

उत्तर आलं का, विचारशील तू. नाही आलं. फक्त नळाच्या तोंडाशी एक थेंब लोंबत होता, तो पडला नाही. मी बराच वेळ बघत होतो.

मग खाली आलो. लॉरीचा खण बघितला. कुलूप जसंच्या तसं. किल्ली माझ्या करगोट्याला असते. उघडला. कागद होते, इन्शुरन्स होता, लायसन्स होतं.

पट्टी नव्हती.

रितेशने दुसऱ्या दिवशी घर बदलायचं म्हटलं. नर्मदा नाही म्हणाली. पहिल्या दिवशी विमानतळावरच तिला परत जावंसं वाटलं होतं, नंतर मला बोलली ती. ही राखेसारखी गरम हवा, ही परकी भाषा, नवरा रात्री कामावर. कुणीच आपलं नाही. त्या रात्रीनंतर म्हणाली, "चाचा, इथं माझी वाट बगणारं कुणीतरी होतं." आजही त्याच घरात आहे ती. पोरगी आता दोन वर्षांची झाली, शाळेत जायचं म्हणते. ऑक्टोबर संपला, पाणी निवलं, तेव्हा नर्मदाने गाठी सोडवून पट्टी मला आणून दिली. म्हणाली, "पुढच्याला लागंल." तेव्हापासून तिच्याकडे रात्री काही वाजलं नाही.

सोनल, म्हणून तुला हे सांगतोय. नुसतं नळाचं सांगितलं असतं तर तू हो हो म्हणून विसरली असतीस. मेमध्ये आठव. गीझर बंद. गरम पाण्याचा नळ. रात्री बादली. स्वानंद, तूही ऐक, तिला सांगितलं असेल असं धरून चालू नकोस.

झैद, माझ्या कोटाच्या खिशात पत्र्याची डबी आहे, ती दे.

ही बघा. घाबरू नका, चिंधी आहे. नर्मदाने दिली त्या दिवशी याच डबीत घातली. गेला सगळा उन्हाळा ही डबी लॉरीच्या काचेखाली उन्हात होती. त्या जागी माझं प्लास्टिकचं कार्ड वाकडं झालंय. या देशात दोरीवर टाकलेला शर्ट मागे वळेपर्यंत वाळतो. तिने मला माफ केलं की नाही, मला कळत नाही. मी रोज रात्री ही उघडून बघतो, आणि मला कळत नाही.

तू बघ. हात पुढे कर, सोनल. बाळाला स्वानंदकडे दे आणि हातात घे.

...

ओली आहे ना?